मुलाने अमेरिकेत अर्ज भरला, आता गावाकडचे कागद

अमेरिकेतल्या मुलाने आई-वडिलांना, नवऱ्याने बायकोला किंवा बहिणीने भावाला कायमचं बोलावून घ्यायचं ठरवलं की घरात बोलणं सुरू होतं ते थंडीचं, स्वेटरचं आणि तिकडे कळण्याचं पीठ मिळेल का याचं. पीठ मिळतं. घोडं अडतं ते भलतीकडेच. शाळेच्या दाखल्यावर एक नाव असतं, पासपोर्टवर दुसरं, आणि जन्माची नोंद ज्या गावात शोधतोय तिथे ती कधी झालेलीच नसते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या प्रकरणांत महिनोन्‌महिने जातात ते बहुतेक इथल्याच कपाटातल्या कागदांपायी. म्हणून या लेखात प्रक्रिया थोडक्यात आहे आणि कागद सविस्तर.

कोण कोणाला बोलावू शकतं

कायद्याने नात्यांच्या दोन रांगा केल्या आहेत. पहिल्या रांगेत अमेरिकन नागरिकाचा नवरा किंवा बायको आणि त्याची २१ वर्षांखालची अविवाहित मुलं येतात. नागरिकाचं स्वतःचं वय २१ पूर्ण असेल तर त्याचे आई-वडीलही याच रांगेत. या रांगेला वर्षाकाठी ठरावीक संख्येची मर्यादा नाही. दुसऱ्या रांगेला आहे. एफ-१ म्हणजे नागरिकाची २१ वरची अविवाहित मुलं, एफ-२ए म्हणजे ग्रीन कार्डधारकाचा (अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना असलेल्याचा) जोडीदार आणि लहान मुलं, एफ-२बी म्हणजे ग्रीन कार्डधारकाची २१ वरची अविवाहित मुलं, एफ-३ म्हणजे नागरिकाची विवाहित मुलं, आणि एफ-४ म्हणजे नागरिकाची भावंडं. या रांगेत कोणत्याही एका देशाला एकूण व्हिसांच्या ७ टक्क्यांपर्यंतच वाटा मिळतो. त्यामुळे भारतातल्या भावंडांची रांग फार लांबली आहे. २०२५ मध्ये ज्यांचा नंबर लागत होता, त्यांचे अर्ज २००६ सालचे होते.

ग्रीन कार्डधारक आई-वडिलांना किंवा भावंडांना बोलावू शकत नाही. त्याला आधी नागरिक व्हावं लागतं. काका, मामा, पुतण्या, भाचा, आजी-आजोबा, सासू-सासरे यांच्यासाठी थेट अर्जच नाही. पुतण्याला कागदोपत्री मुलगा दाखवण्याचा सल्ला देणारे एजंट भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचं उघड झालं तर अमेरिकेचा दरवाजा आयुष्यभरासाठी बंद होऊ शकतो, आणि तो माणूस पुढे खऱ्या नात्यावरही अडकतो.

या नियमांत काही खाचा आहेत, आणि त्यांत घरं हमखास अडकतात.

आई आणि वडील यांचे अर्ज वेगवेगळे भरावे लागतात. पहिल्या रांगेत मुख्य माणसाच्या मागून कुटुंब येत नाही. वडिलांचा एकच अर्ज भरला आणि आई त्यातच येईल असं धरलं, तर आई मागे राहते. याच कारणाने घरातली १७ वर्षांची धाकटी बहीण आई-वडिलांच्या अर्जावर जाऊ शकत नाही. एफ-४ मध्ये मात्र भावाची बायको आणि २१ खालची अविवाहित मुलं सोबत जातात.

लग्नाची घाई दुसरीकडे नडते. ग्रीन कार्डधारक वडिलांनी मुलीसाठी एफ-२बी अर्ज भरला आहे आणि इकडे चांगलं स्थळ आलं म्हणून तिचं लग्न उरकलं, तर तो अर्ज तिथेच संपतो. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलांसाठी वर्गच नाही. वडील आधी नागरिक झाले आणि मग लग्न झालं, तर अर्ज एफ-३ मध्ये जातो. रांग लांबते, पण अर्ज जिवंत राहतो. थोडक्यात, मुहूर्त काढण्याआधी वडिलांचा नागरिकत्वाचा अर्ज कुठे पोहोचला आहे ते विचारावं.

एफ-४ च्या रांगेत मुलं मोठी होतात. वयाचा हिशेब कायदा असा करतो: नंबर लागला त्या दिवसाचं मुलाचं वय घ्यायचं आणि मूळ अर्ज मंजूर व्हायला जितका काळ लागला तितका त्यातून वजा करायचा. अर्ज २००६ मध्ये भरला, २०१० मध्ये मंजूर झाला, नंबर लागला तेव्हा मुलगा २४ चा होता, तर हिशेबाने तो २० चा. म्हणजे तो बसतो. अट एवढीच की नंबर लागल्यापासून वर्षभरात पुढचं पाऊल टाकलं पाहिजे आणि व्हिसावर अमेरिकेत उतरेपर्यंत मुलगा अविवाहित असला पाहिजे. इथे घात होतो तो जुन्या ईमेलमुळे. अर्ज भरला तेव्हा गावातल्या सायबर कॅफेवाल्याचा किंवा एजंटाचा पत्ता दिलेला असतो, नोटीस तिकडे जाते, आणि वर्षभर उत्तर गेलं नाही की नोंदणी रद्द व्हायची वेळ येते. जुना अर्ज असेल तर आजच पत्ता आणि ईमेल बदलून घ्यावा.

अर्जाचा प्रवास

अमेरिकेतला नातेवाईक आय-१३० हा अर्ज तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे भरतो. मंजुरीनंतर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे फी भरायची, डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज भरायचा, नातेवाइकाने आय-८६४ हे खर्चाची जबाबदारी घेणारं हमीपत्र द्यायचं आणि सगळे दाखले स्कॅन करून चढवायचे. दाखले पूर्ण ठरले की मुलाखतीची तारीख मिळते. भारतातून कुठूनही अर्ज असला तरी कायमच्या वास्तव्याच्या व्हिसाची मुलाखत बहुधा मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते.

खर्च आधीच मांडलेला बरा. आय-१३० ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, कागदावर भरला तर ६७५. व्हिसा सेंटरची फी माणशी ३२५ आणि हमीपत्राच्या तपासणीची १२०. व्हिसा मिळाल्यावर ग्रीन कार्डाची फी २३५. आई-वडील दोघांसाठी दोन स्वतंत्र प्रकरणं, म्हणजे आय-१३० ऑनलाइन भरले तर २,६१० डॉलरपर्यंत. वैद्यकीय तपासणी, लसी, भाषांतर आणि मुंबईच्या फेऱ्या यांचा खर्च वेगळा. २०२४ मध्ये काही दर वाढले, पुढेही वाढतील, म्हणून भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर बघावं. व्हिसा सेंटरची फी अमेरिकन बँकेच्या खात्यातूनच भरता येते. ती मुलानेच भरायची. एजंटाने इथे रोख मागितली तर देऊ नये.

जन्माचा दाखला: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

मुलाने आईसाठी अर्ज केला की दोन जन्मदाखले लागतात, एक मुलाचा आणि एक आईचा. मुलाच्या दाखल्यावर आईचं नाव हवं, कारण नातं सिद्ध होतं ते त्यावरूनच. वडिलांसाठी याशिवाय आई-वडिलांच्या लग्नाचा दाखला लागतो.

पहिला प्रश्न: नोंद कुठे शोधायची? पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मुलगा वाढला पारोळ्यात, शाळा पारोळ्यात, घर पारोळ्यात; पण जन्मला आईच्या माहेरी, शिरपूर तालुक्यातल्या खेड्यात. नोंद झाली असेल तर त्या खेड्यात. सासरच्या ग्रामपंचायतीतून ‘नोंद नाही’ असा कागद घेऊन फाइलला लावला तर तो चुकीच्या गावचा ठरतो. माहेर बऱ्हाणपूरकडे असेल तर नोंद मध्य प्रदेशात, सुरत-उधन्याला असेल तर गुजरातमध्ये. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारावं, मग कचेरीत जावं.

जिल्ह्यांची नावंही बदललेली आहेत. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीच्या कागदांवर शहाद्याचा जिल्हा धुळे असणारच. त्याहून जुन्या कागदांवर ‘पश्चिम खानदेश’ आणि ‘पूर्व खानदेश’ दिसतं. ही चूक नाही, पण परदेशी अधिकाऱ्याला ते ठाऊक असेल असं धरू नये. भाषांतराच्या शेवटी एक ओळ घालावी की हा तेव्हाचा जिल्हा, आताचा जिल्हा अमुक.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून बहुतेक राज्यांत लागू झाला. त्याआधी जन्मलेल्यांची नोंद नसणं नेहमीचं आहे आणि वकिलातही ते समजून घेते. अशा वेळी निबंधकाकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा आणि सोबत दुय्यम पुरावे जोडायचे: शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्या माणसांची प्रतिज्ञापत्रं. प्रतिज्ञापत्रात नुसतं ‘मी यांना ओळखतो’ पुरत नाही. लिहिणाऱ्याचं नातं, त्याला ही माहिती कशी, जन्माची तारीख, ठिकाण आणि आई-वडील दोघांची नावं यायला हवीत. आईचं लग्नाआधीचं नाव हटकून राहून जातं.

जुन्या पिढीसाठी आणखी एक कागद फार उपयोगी पडतो, कोतवाल बुकाची नक्कल. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू टिपायचा ते गाव नमुना १४, आणि ती पुस्तकं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. अर्ज करून नक्कल मागता येते. यात दोन अडचणी येतात. काही जुनी पानं मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार शोधावा लागतो. दुसरं, बाळाचं नाव बहुधा लिहिलेलं नसतं. बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. अशी नोंद एकटी पुरत नाही, पण शाळेच्या उताऱ्याला जोडली तर वजनदार ठरते. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या रजिस्टरमध्येही नाव नसलेल्या नोंदी सापडतात. तिथे आधी नाव घालून घ्यावं, मग दाखला काढावा. नाव नसलेला दाखला व्हिसा सेंटर परत पाठवतं.

नोंदच झालेली नाही आणि आता नवी करायची असेल तर वर्षाहून जास्त उशिराच्या नोंदीला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि तपासणी आता कडक झाली आहे. मुळात कालपरवा केलेल्या नोंदीकडे वकिलात साशंक नजरेने बघते. चाळीस वर्षांपूर्वीच्या जन्माचा गेल्या महिन्यातला कोरा करकरीत दाखला एकटा ठेवण्यापेक्षा ‘नोंद उपलब्ध नाही’ हा खरा कागद आणि जुने पुरावे यांचं वजन जास्त.

आणि मग १ जून. आपल्याकडे एका पिढीतल्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जून निघतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय बसेल अशी तारीख टाकली. एकट्या माणसाच्या बाबतीत त्याने फारसं बिघडत नाही. गोंधळ होतो तो भावंडांच्या अर्जात. थोरल्याची शाळेतली तारीख १ जून १९७२ आणि धाकटीची खरी तारीख १० जानेवारी १९७३. एका आईची दोन मुलं सव्वासात महिन्यांच्या अंतराने कशी, हे अधिकारी विचारणारच. अर्ज भरण्याआधी सगळ्या भावंडांच्या आणि आईच्या तारखा एका कागदावर ओळीने मांडाव्यात. विसंगती दिसली तर ती लपवू नये. तारीख शाळेने अंदाजाने टाकली होती असं प्रतिज्ञापत्र आणि मिळेल तो जुना पुरावा आधीच जोडावा. सोयीच्या तारखेचा नवा दाखला ‘करून’ आणणं सगळ्यात वाईट, कारण वकिलात मूळ रजिस्टर तपासून घेऊ शकते. पुरावे कमीच पडले तर अधिकारी डीएनए चाचणी सुचवतात. ती मान्यताप्राप्त अमेरिकन प्रयोगशाळेमार्फत, ठरवून दिलेल्या पद्धतीनेच होते. गावातल्या लॅबचा रिपोर्ट चालत नाही, म्हणून आधीच करून ठेवण्यात पैसे घालू नयेत.

नावं

सुमन, सुमनबाई, सुमनताई. दाखल्यात रामदास, सातबाऱ्यावर रामदासभाऊ, आधारवर रामदास भिका पाटील, पासपोर्टवर नावाच्या रकान्यातच वडिलांचं नाव जोडलेलं. चौधरी, सोनवणे, बाविस्कर यांची इंग्रजी स्पेलिंगं तर घरातल्या घरात दोन-तीन. बाईचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि कधी लग्नात बदललेलं पहिलं नावही, म्हणजे एकाच बाईच्या नावावर तीन बायका.

उपाय तसा साधा, पण क्रमाने करावा लागतो. पासपोर्ट हा पाया धरायचा. डीएस-२६० मध्ये ‘इतर नावं’ हा रकाना असतो. त्यात माहेरचं नाव, ‘बाई’ लावलेलं नाव, जुनं स्पेलिंग सगळं लिहायचं. किरकोळ फरकासाठी ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र चालून जातं. पहिलं नाव पूर्ण बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रातली नोंद किंवा दोन्ही नावं असलेला विवाहाचा दाखला लागतो. पासपोर्टमध्येच चूक असेल तर ती अर्जाच्या सुरुवातीलाच दुरुस्त करावी. मुलाखतीच्या तोंडावर पासपोर्ट बदलला की व्हिसा सेंटर, वैद्यकीय तपासणी आणि पोलिस दाखला सगळीकडे नवा क्रमांक कळवत बसावं लागतं.

मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भाषांतर करणाऱ्याने शेवटी सहीनिशी लिहायचं की भाषांतर अचूक आहे आणि त्याला दोन्ही भाषा येतात. शिक्क्यातली अक्षरं, समासातला शेरा, मागच्या बाजूची नोंद, सगळं भाषांतरात यावं. स्कॅन रंगीत आणि दोन्ही बाजूंचं. मागची बाजू राहिली म्हणून परत आलेली प्रकरणं कमी नाहीत.

लग्न आणि फारकत

लग्न १९७८ चं, नोंदणी नाही, हे आई-वडिलांच्या पिढीत सर्रास. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जुन्या लग्नाचीही नोंद करता येते. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, साक्षीदार, आणि लग्न लावणारे भटजी हयात असतील तर त्यांची सही. पत्रिका किंवा भटजी नसले तर काय चालेल हे त्या कचेरीत आधी विचारून जावं. तारीख खऱ्या लग्नाची लिहायची, नोंदणीची नव्हे. तिथे चूक झाली तर मुलगा लग्नाआधी जन्मला असं कागदावर दिसतं.

फारकतीचं प्रकरण नाजूक आहे. पूर्वी पंचांसमोर काडीमोड व्हायची आणि स्टॅम्प पेपरवर फारकतनामा लिहिला जायचा. घरच्यांच्या लेखी पहिलं लग्न तिथेच संपलं. वकिलातीसमोर तो कागद बहुधा पुरत नाही. पहिलं लग्न संपल्याचा न्यायालयाचा हुकूमनामा मागितला जातो, आणि तो नसेल तर दुसरं लग्नच वैध आहे का असा प्रश्न उभा राहतो. असा कागद घरात असेल तर आय-१३० भरण्याआधी जिल्हा न्यायालयातल्या वकिलाला दाखवावा. यात वर्षं जाऊ शकतात.

नवविवाहितांसाठी आणखी एक बाब. अमेरिकेत उतरताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून कार्ड कायमचं करून घेण्याचा आय-७५१ हा अर्ज भरावा लागतो. लग्नाची दोन वर्षं मोजायची ती विमानतळावर प्रवेश मिळेल त्या दिवसापर्यंत, व्हिसा छापला त्या दिवसापर्यंत नव्हे. दोन वर्षं पूर्ण व्हायला तीन आठवडे राहिले असतील आणि व्हिसाची मुदत असेल तर तिकीट पुढे ढकलावं. पुढची मोठी फी आणि तपासणी वाचते.

पोलिस दाखला, तपासणी, मुलाखत

१६ वर्षांवरच्या प्रत्येकाला पोलिस दाखला लागतो, आणि तो पासपोर्ट खात्याचाच. पोलिस ठाण्याचं चारित्र्य प्रमाणपत्र चालत नाही. अर्ज पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावरून करायचा. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पडताळणी जुन्या ठाण्याकडे जाते आणि ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा येतो. मस्कत-दुबईत वर्षभराहून जास्त राहिलेल्यांना तिथलाही पोलिस दाखला काढावा लागतो; तो इथे बसून मिळवायला वेळ लागतो, म्हणून आधी त्याच्या मागे लागावं.

वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. यादीत मुंबईशिवाय इतर शहरांतले डॉक्टरही आहेत, आणि नंदुरबारकडच्यांना अहमदाबाद सोयीचं पडू शकतं. भीती बाळगायची ती क्षयाची. १५ वर्षांवरच्या सगळ्यांचा छातीचा एक्स-रे होतो. त्यात जुना डाग दिसला तर सलग तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरचा (नमुन्यात जंतू वाढतात का ते बघण्याच्या तपासणीचा) निकाल यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर व्हिसा नाही. आजार सापडला तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूर्ण उपचार, म्हणजे साधारण सहा महिने, झाल्यावरच पुढे. कधीकाळी क्षयाचा कोर्स झाला असेल तर जुनं उपचारपत्र आणि जुने एक्स-रे शोधून सोबत न्यावेत. डाग जुनाच आहे हे त्यावरून कळतं. मुलाखतीच्या चार दिवस आधी तपासणी ठेवण्याची हौस इथे अंगाशी येते. फार लवकरही नको, कारण तपासणी साधारण सहा महिने चालते आणि व्हिसाची मुदत तिच्याशी बांधलेली असते.

मुलाखत वकिलातीत, बोटांचे ठसे त्याआधी वेगळ्या केंद्रात. म्हणजे भुसावळहून रात्रीच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत, असं धरू नये. मोबाइल आत नेता येत नाही. मराठीत बोलायचं असेल तर तसं सांगावं. घरात आयुष्यभर अहिराणीच बोललेल्या आजीला मात्र चार दिवस आधी प्रमाण मराठीतले प्रश्न ऐकवून ठेवावेत: मुलगा कुठे राहतो, काय काम करतो, त्याची मुलं किती, तुमचं लग्न कुठे झालं. पाठ केलेली उत्तरं नकोत. माहीत नसेल ते ‘माहीत नाही’ म्हणणं चालतं. एखादा कागद कमी पडला तर २२१-जी लिहिलेला कागद मिळतो. तो पाहून घरी रडारड होते, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ मागितलेला कागद आणून द्या, एवढाच असतो.

हमीपत्र म्हणजे काय, हे मुलालाही कळू द्या

आय-८६४ हा करार आहे. मुलाचं उत्पन्न घरातल्या माणसांच्या संख्येनुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी असावं लागतं. मुलगा, सून, एक नात आणि येणारे आई-वडील मिळून पाच. २०२५ च्या तक्त्यानुसार वर्षाला ४७,०६२ डॉलर. कमी पडलं तर दुसरा कोणी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक सहजामीन होऊ शकतो. जबाबदारी संपते ती आलेला माणूस नागरिक झाला, त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाही जमा झाल्या, तो कायमचा देश सोडून गेला किंवा वारला तर. नवरा-बायकोचा घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी संपत नाही.

शेत, खातं आणि कर

कायमचं राहायला जाणारा माणूस परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी होतो. पासपोर्ट भारताचाच राहतो, पण व्यवहार बदलतात. रावेर-यावलची केळीची जमीन नावावर ठेवता येते, वारसाने मिळालेलीही राहते. नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. बांधाला लागून एक एकर घ्यायचं चाललं असेल तर ते निघण्याआधी. पीएम-किसानचा हप्ता अनिवासींसाठी नाही. तो बंद करायला अर्ज द्यावा, नाहीतर वसुली येते. बँकेतलं साधं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं, करून घ्यायचं.

वारस नोंद, भावकीतली वाटणी, सातबाऱ्यावरची नावं हे सगळं निघण्याआधी मिटवावं. विश्वासातल्या माणसाला नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्यावं, पण अधिकार मोजून: पीक, कर्ज, वीज, पाणीपट्टी, कचेरीतली कामं. विक्रीचा अधिकार सरसकट देऊ नये. नंतर अमेरिकेतून करायचं म्हटलं तर भारतीय दूतावासाचा शिक्का लागतो आणि कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

आता फार थोड्या घरांना माहीत असलेली गोष्ट. ग्रीन कार्डधारकाला जगभरातल्या उत्पन्नावर अमेरिकेत विवरणपत्र भरावं लागतं. शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त आहे. अमेरिका ते उत्पन्नच धरते. भारतातली सगळी खाती आणि मुदत ठेवी मिळून वर्षात एका दिवसासाठी जरी १०,००० डॉलरच्या वर गेल्या तरी अमेरिकेत परदेशी खात्यांचं एफबार नावाचं वेगळं विवरण लागतं, आणि ते न भरल्याचा दंड जबर आहे. निवृत्त शिक्षकाच्या ठेवी सहज त्यापुढे जातात. निघण्याआधी सगळ्या खात्यांची आणि ठेवींची एक यादी करावी.

खरंच राहायला जायचं आहे का?

हा प्रश्न उशिरा विचारला जातो. ग्रीन कार्ड राहण्यासाठी आहे. पाऊस पडला की गावी आणि हिवाळ्यात मुलाकडे, असं दरवर्षी सहा-सहा महिने करायचं असेल तर विमानतळावरचा अधिकारी विचारेल की तुमचं घर नक्की कुठे. वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल तर अमेरिकेत असतानाच पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज करावा लागतो. ज्यांचा जीव शेतात आहे आणि नातवंडांना फक्त भेटायचं आहे, त्यांनी पर्यटक व्हिसावरच जावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरं कारण दवाखाना. ६५ वर्षांवरच्यांसाठीची मेडिकेअर योजना नव्या ग्रीन कार्डधारकाला सलग पाच वर्षं राहिल्यावरच विकत घेता येते. गरिबांसाठीची मेडिकेडही बहुतेक राज्यांत पाच वर्षं मिळत नाही. मधल्या काळात खासगी विमा घ्यावा लागतो. पोहोचल्यावर सरकारी विमा बाजारात नाव घालायला ६० दिवसांची खिडकी असते. ती चुकली की पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. मोतीबिंदू, दात, चष्मा ही कामं इथेच उरकून जावीत. औषधं तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह.

बॅग भरताना

नोकरी करणाऱ्यांनी गुणपत्रिका आणि विद्यापीठाचं सीलबंद ट्रान्सक्रिप्ट आधीच काढावं. जळगावचं विद्यापीठ १९९० चं. त्याआधी इथल्या महाविद्यालयातून पदवी घेतलेल्यांना पुणे विद्यापीठाकडे जावं लागतं. अमेरिकेत बसून हे करणं त्रासाचं. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा. वर्षभर असतो, पण राहायला गेल्यावर राज्याचा परवाना लवकर काढावाच लागतो.

बिबडे, पापड, मसाले आणि केळीचे वेफर्स न्यायला हरकत नसते, पण कस्टमच्या फॉर्मवर लिहावेत. ताजी फळं, मेहरूणची बोरं, भरताची वांगी, मांस नाही. भरताच्या वांग्याचं बी पुडीत बांधून नेण्याचा मोह अनेकांना होतो. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बी नेता येत नाही, आणि सांगितलं नाही तर दंड. कुटुंबाकडे मिळून १०,००० डॉलरहून जास्त रोख असेल तर तेही लिहून द्यायचं. नेण्याला बंदी नाही, लपवण्याला आहे. वकिलातीने बंद पाकीट दिलं असेल तर ते उघडायचं नाही. ते, एक्स-रेची सीडी आणि मूळ दाखले हातातल्या पिशवीत.

प्रवेशाचा शिक्का बसलेला व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डासारखाच चालतो, म्हणून कार्ड यायला उशीर झाला तर घाबरू नये. कार्ड टपालाने येतं ते डीएस-२६० मध्ये दिलेल्या पत्त्यावर, आणि पत्रपेटीवर आडनाव नसेल तर परतही जातं. सोशल सिक्युरिटी कार्डासाठी त्याच अर्जात ‘हो’ म्हटलेलं असेल तर तेही आपोआप येतं. मुलाने घर बदललं तर आई-वडिलांचा नवा पत्ताही १० दिवसांत वेगळा कळवावा लागतो. त्याने स्वतःचा कळवला म्हणून यांचा बदलत नाही.